साठ अंशांचा त्रिकोण

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या कारेलीबागेत राहतात. लेक साडेदहा वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीत. घरात मराठी, खाली सोसायटीत गुजराती, वर्गात इंग्रजी. दिवाळीत पुण्याहून नणंद आली. तिचा मुलगा या मुलीहून चार महिन्यांनी लहान. त्यानं स्वतः केलेलं मोबाइल ॲप सगळ्यांना दाखवलं, खूप कौतुक झालं. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीच्या वडिलांनी (ते मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत) लेकीसाठी पायथन या संगणकाच्या भाषेच्या ऑनलाइन क्लासची चौकशी केली. वर्षाचे 32,000 रुपये, आठवड्यातून दोनदा, रात्री आठ ते नऊ. पहिले तीन तास फुकट. तिसऱ्या तासाला मुलीनं लॅपटॉप मिटला आणि रडत म्हणाली, "मला नाही येणार हे. मी ढ आहे." तिच्या वहीतली शेवटची ओळ होती: एक्स = एक्स + 1.

सासूबाई म्हणतात, त्या डबड्यापायी डोळे जातील, सगळंच बंद करा. मुलीला रांगोळीचा आणि गरब्याचा नाद आहे, पण हातात फोन आला की ती स्लाइमचे व्हिडिओ बघत बसते. गेल्या महिन्यात शाळेचा एक प्रकल्प तिनं एआयकडून लिहून घेतल्याचंही उघडकीला आलं. आई विचारतात: "शिकायचं वय निघून चाललंय का? की मुळातच ती या विषयात कच्ची आहे? पैसे भरू, की सासूबाईंचं ऐकू? क्लासवाले म्हणतात सवलत रविवारपर्यंतच आहे."

ताई, तो सवलतीचा रविवार आधी निघून जाऊ द्या. त्याच्या पुढच्या रविवारीही सवलत असेलच.

आता त्या वहीतल्या ओळीकडे येते. तुम्ही ती पत्रात उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. पाचवीतल्या मुलीला पहिलीपासून आपण काय शिकवत आलो? 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे तराजू. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. मग एके रात्री कुणीतरी पडद्यावर लिहितं की एक्स बरोबर एक्स अधिक एक. गणित नीट शिकलेल्या मुलीला हे वाचून एकच वाटायला हवं, की हे खोटं आहे. तुमच्या लेकीलाही तसंच वाटलं असणार. पण समोरच्या सरांचं काहीतरी चुकतंय असं म्हणायची आपल्याकडे मुलांना सवय नसते. तिनं चूक स्वतःच्या पदरात घेतली.

पायथनमध्ये त्या चिन्हाचा अर्थच निराळा. उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या नावाच्या डब्यात ठेव, एवढाच तो हुकूम. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. समजायला मात्र डबा लागतो, खरोखरीचा. स्वयंपाकघरातला एखादा स्टीलचा डबा घ्या, त्यावर कागद चिकटवून 'एक्स' लिहा, आत 4 लिहिलेली चिठ्ठी टाका. मग तिला म्हणा: डबा उघड, चिठ्ठी वाच, त्यात एक मिळव, नवी चिठ्ठी लिही, जुनी फेक, नवी आत ठेव. आता वहीतली ओळ पुन्हा वाच. मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत संगणक शिकवला. त्यातली बरीच वर्षं माझ्या टेबलावर एक रिकामी कंपासपेटी याच कामासाठी पडलेली असे. मुलं हमखास जुनी चिठ्ठी फेकायला विसरत. पेटीत दोन चिठ्ठ्या निघाल्या की वर्गात हशा. आणि संगणक जुनं काही धरून ठेवत नाही, हे त्या हशातच त्यांच्या डोक्यात बसून जाई.

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या विचारांच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यात साधारण सात ते अकरा ही एक वेगळी पायरी आहे. या वयातलं मूल तर्क उत्तम करतं, पण हाताला लागणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं तरी तेवढंच राहतं, हे त्याला पटलेलं असतं. स्टिकर, नाणी, शिंपले यांच्या वर्गवाऱ्या लावण्यात त्याचा दिवस जातो. निव्वळ चिन्हांवर चालणारा विचार अकरा-बाराच्या पुढे हळूहळू पक्का होत जातो. या पायऱ्या जिन्यासारख्या रेखीव नसतात, हे नंतरच्या लोकांनी दाखवून दिलं. ते खरंच आहे. उत्तरायणाला वाऱ्याचा अंदाज घेऊन पतंगाला किन्ना बांधणारं दहा वर्षांचं पोर बघा. मी त्याच्यापुढे हात टेकते. म्हणजे प्रश्न वयाबरोबर ओळखीचाही आहे. जे हाताखालून गेलंय त्यात मूल पुष्कळ पुढे जातं, अनोळखी चिन्हांत ते अडखळतं.

आमच्या शाळेत नव्वदच्या दशकात लोगो नावाची संगणकाची भाषा शिकवत. ही भाषा 1967 साली अमेरिकेत खास मुलांसाठी तयार झाली, आणि ती करणाऱ्यांतला सीमोर पॅपर्ट हा गणितज्ञ त्याआधी जिनिव्हात पियाजेबरोबर काम करून आलेला होता. पडद्यावर एक कासव असतं. पुढे जा, उजवीकडे वळ असं सांगितलं की ते मागे रेघ सोडत चालतं. चौकोन सगळ्यांना जमायचा: शंभर पुढे, नव्वद वळ, चारदा. मग मी समभुज त्रिकोण काढायला सांगे. त्याचा कोन साठ अंशांचा हे पाठ असायचं, त्यामुळे अख्खा वर्ग साठ वळायला सांगे. तीनदा. आणि पडद्यावर त्रिकोणाच्या जागी वरून उघडं घमेलं दिसायचं.

एका वर्षी एक मुलगा वैतागून म्हणाला, "टीचर, हे कासव बिघडलंय." मी त्याला मैदानावर नेलं, खडूनं जमिनीवर मोठा त्रिकोण काढला आणि म्हटलं, तूच कासव हो. तो एका रेघेवरून चालत टोकाला आला, दुसऱ्या रेघेकडे तोंड करायला वळला, आणि वळता वळता थांबला. मागे पाहिलं, पुन्हा वळून पाहिलं. "मी तर खूपच जास्त वळलो!" आतला कोन साठच आहे, पण चालणारा बाहेरून वळतो, आणि ते वळण एकशे वीस अंशांचं. एकशे ऐंशीतून साठ वजा हे त्यानं नंतर केलं. आधी ते त्याच्या पायांना कळलं होतं. त्याच तासाला एका मुलीनं माझं न ऐकता साठ-साठच वळत सहा बाजू पुऱ्या केल्या आणि मधमाशीच्या पोळ्यातलं घर काढून मोकळी झाली. ते मी शिकवलेलंच नव्हतं.

तुमच्या लेकीच्या त्या तीन तासांत असं पायांना कळण्यासारखं काय होतं? कोलनची कळ शोधायची, ओळ नेमकी किती आत सरकवायची ते सांभाळायचं, चुकलं की इंग्रजीतला लाल मजकूर वाचायचा, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर मूळ कल्पना समजून घ्यायची. इतकी ओझी एकदम. ती रडली नसती तर मला नवल वाटलं असतं.

वय निघून चाललंय का, याचं उत्तर थोडक्यात देते. नाही. अनोळखी भाषेचे उच्चार लहानपणी लवकर बसतात हे खरं, पण संगणकाच्या भाषांना असा काही मुहूर्त नसतो. आपल्या सरकारचं 2020 चं शिक्षण धोरणही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीत आणा असं म्हणतं. 2025 च्या ऑक्टोबरात शिक्षण मंत्रालयानं तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार अभ्यासक्रमात आणायचं जाहीर केलं. तेव्हापासून क्लासवाल्यांचे फोन वाढलेत म्हणे. पण ते शाळेनं वर्गात शिकवायचं आहे, रात्री आठ वाजता तुमच्या दिवाणखान्यात नव्हे. आणि जाहिरातींचं म्हणाल, तर मुलांच्या कोडिंग क्लासच्या काही जाहिराती 2020 मध्ये आपल्या जाहिरात मानक परिषदेनं मागे घ्यायला लावल्या होत्या. आईबापांच्या याच भीतीवर तो धंदा उभा होता.

पुण्याच्या भाच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पोरगा हुशार असेलही. पण बऱ्याच क्लासांत 'ॲप' म्हणजे तयार साचा असतो. नाव, रंग, चित्र बदललं की झालं. पुढच्या भेटीत प्रेमानं एवढंच म्हणा, "यातली एक गोष्ट मला बदलून दाखव ना." जमलं तर खरंच शाबासकी द्या. नाही जमलं तर कुणापाशी बोलू नका, नणंदेपाशी तर मुळीच नको.

मला खरी काळजी वाटली ती 'ढ' या शब्दाची. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सहा ते बाराच्या वयाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवली आहे: या वर्षांत मूल आतल्या आत एक हिशोब मांडत असतं, की आपल्याला कामं जमतात की आपण इतरांपेक्षा कमी आहोत. म्हणून या वयात सुरू केलेलं काम पुरं होणं फार मोलाचं असतं. काम किती अवघड होतं याला दुय्यम महत्त्व. अर्धवट सोडलेल्या पायथनपेक्षा तडीला गेलेली एक साधी गोष्ट तिला जास्त देऊन जाईल. यजमानांना हे सांगताना "तुम्ही चुकलात" असं म्हणू नका. ते घाबरलेत, आणि घाबरलेला बाप पैसे काढून बसतो.

शिकवायचं काय, हे आता सांगते. कोडिंग म्हणजेच तंत्रज्ञान आणि पडदा म्हणजे एकच एक गोष्ट, या दोन्ही समजुती घरातून जाऊ द्या. तिसरी ते पाचवीच्या मुलाला दहाही बोटांनी टाइप करता यायला हवं. रोज दहा मिनिटं, दोन-तीन महिन्यांत बसतं. फाइल कुठे ठेवली ते सापडायला हवं. पासवर्ड मैत्रिणीला सांगायचा नाही हे कळायला हवं. ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचा क्लास कुणी काढत नाही, पण सहावीत याचाच फरक दिसतो.

आणि कोडिंग हवंच असेल तर स्क्रॅच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 साली काढलेलं, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी, फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात हुकूम ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसवायचे असतात, त्यामुळे कोलनची भानगडच नाही. तिला गरबा येतो ना? त्रण ताळीची (तीन टाळ्यांच्या गरब्याची) पावलं म्हणजे ठरलेला संच, तो परत परत, आणि दर फेरीला सगळा गोल थोडा पुढे सरकतो. स्क्रॅचमधला पुन्हा-पुन्हा करण्याचा ठोकळा तेच करतो. रांगोळीची एक पाकळी काढायला सांगा, मग साठ अंश वळ, असं सहा वेळा. फूल होतं. तिथे साठ बरोबर बसतात, आणि त्रिकोणाला का बसत नाहीत हा प्रश्न तिचा तिलाच पडेल. एक अडचण आधीच सांगून ठेवते. स्क्रॅचच्या पडद्यावर मधोमध शून्य असतं, डावीकडे आणि खाली उणे आकडे. उणे संख्या शाळेत सहावीत येतात. तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तळघराच्या पार्किंगला उणे एक लिहिलं असेल तर तेवढ्यावर काम भागतं.

हे करताना तुम्ही शेजारी बसा. तुम्हाला यातलं काही येत नसलं तरी बसा, किंबहुना येत नसेल तर जास्तच उपयोग. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की म्हणत असे की एकट्यानं जमत नाही पण कुणाच्या सोबतीनं जमतं, मूल नेमकं तिथे शिकतं. सोबतीला दर वेळी उत्तरं माहीत असावी लागत नाहीत. "आता हे कुठे जाईल गं?" एवढं विचारलंत तरी खूप झालं. आणि काय केलंस ते आजीला मराठीत सांग म्हणा. इंग्रजीत शिकलेलं मराठीत सांगता आलं तर समजलंय. नाही आलं तर पाठ झालंय.

एआयकडून प्रकल्प लिहून घेतल्याबद्दल तिला पुरेशी बोलणी बसली असतील, आता पुरे. एक तर अशा बहुतेक सेवांच्या अटींतच किमान वय तेरा आहे, त्यामुळे तिचं वेगळं खातं नको, तुमच्या खात्यावर तुमच्यादेखत. दुसरं म्हणजे या वयाच्या मुलांना मोठ्यांची चूक पकडण्यात जो आनंद होतो त्याचा वापर करा. एखाद्या रविवारी सयाजीबागेत म्युझियममध्ये जा. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा तिनं पूर्वी पाहिला असेल, पण या वेळी पावलांनी मोजायला सांगा. घरी आल्यावर त्याची लांबी तीन ठिकाणी शोधू द्या, एआयलाही विचारू द्या. आकडे जुळले नाहीत तर तिला विचारा, कुणाचं खरं धरायचं आणि का? मग आजीच्या रांगोळीबद्दल, तुमच्या सोसायटीच्या गरब्याबद्दल एआयला प्रश्न टाकायला सांगा. जिथे तिला जास्त माहीत आहे तिथे ते किती ठासून चुकीचं बोलतं हे तिनं स्वतः पाहिलं, की पुढचा प्रकल्प आयता लिहून घेताना ती दोनदा विचार करेल. निदान तपासून तरी घेईल.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. रात्री आठ ते नऊ पडद्यापुढे, मग जेवण, आणि सकाळी शाळेची बस. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, ती कुठून आणणार? करोनात शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हासुद्धा सरकारच्या 2020 च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास सांगितले होते, आणि तेव्हा तीच शाळा होती. डोळ्यांची काळजी असेल तर संध्याकाळी उजेड असेपर्यंत मुलीला खाली खेळू द्या. उन्हात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबच्या नंबरचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं. पण सगळंच बंद करा, हे नको. स्लाइम नुसता बघत बसणं आणि काहीतरी करण्यासाठी फोन हातात घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यासाठी सासूबाईंनाच कामाला लावा. त्या ठिपक्यांची रांगोळी काढत असतील. फोन वर कुठेतरी पक्का बांधायचा, आजीनं एक रेघ ओढली की हात बाजूला, नातीनं एक फोटो काढायचा. सेकंदाला दहा फोटो धरले तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला शंभर फोटो लागतात, हा हिशोब तिलाच करू द्या. मध्येच फोन हलला तर सगळी रांगोळी उडी मारते. ते एकदा होईलच. आजी चिडतील, मग दोघी मिळून पुन्हा काढतील. नियोजन, क्रम, चूक शोधून दुरुस्त करणं, सगळं त्यात आलं. 32,000 रुपये लागत नाहीत, फारतर रांगोळीचं एक पुडकं.

माझ्याकडे अशी आणखीही पत्रं येतात, त्यांच्यासाठीही थोडं. क्लास कधीच लावू नका असं मी म्हणत नाही. मुलानं स्वतः मागितला, स्क्रॅचमध्ये त्याला आता अपुरं वाटायला लागलं, बहुधा सहावी-सातवीत, तर जरूर लावा. लावण्याआधी एक तास मागे बसून पाहा. मूल चुकल्यावर शिकवणारा काय करतो? स्वतः टाइप करून देत असेल तर उठून या. "तुला काय होईल असं वाटलं होतं?" असं विचारत असेल तर पैसे भरा. आणि वाचन, हिशोब, उतरवून घेणं अशा सगळ्यातच मूल अडखळत असेल, तर तो प्रश्न संगणकाचा नाही. वर्गशिक्षकांना भेटा, लागलं तर समुपदेशकाला दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

तर ताई, या शनिवारी संध्याकाळी अगाशीवर जा, खडू न्या, त्रिकोण काढा. उत्तर एकशे वीस आहे हे तुम्हाला आता माहीत झालंय, तेवढं पोटात ठेवा. यजमानांनाही आधी बजावून ठेवा. इंजिनिअर माणसाला अशा वेळी गप्प बसणं भारी जड जातं.